नऊ दिवस कण्या आणणारी बाई

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. कित्येक महिने शवागाराची किल्ली माझ्या कमरेला असायची. तिथलं एकही माणूस कधी उठून बसलं नाही, आणि बसलं असतं तर मी आधी त्याची नाडी बघितली असती. अंगात येणाऱ्या बायांना मी ग्लुकोजचं पाणी पाजून घरी पाठवलेलं आहे. त्यामुळे या ग्रुपवरचे अनुभव माझी नात मला वाचून दाखवते तेव्हा मी निम्म्यावर हसतेच. परवा ती चिडून म्हणाली, "मग तुझं ते केळझरचं काय, आजी?" त्यावर मात्र मला हसता येईना. म्हणून सांगते. टाइप नात करते आहे, शब्द माझे आहेत.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, अल्लीपूरपासून दोन कोसांवर. गावाचं नाव लिहीत नाही, आमची माणसं अजून तिथे राहतात. मी विशीची, माझी पहिली मुलगी दीड महिन्याची. आमचे हे शिंपी. घरात एक शिलाई मशीन, तेच आमचं शेत आणि तेच बैल.

हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी गावाला आग लागली. कुणाच्या चुलीतली ठिणगी की कुणाच्या चिलमीतली, शेवटपर्यंत कळलं नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, त्यात चैत्रातला वारा... तासाभरात अकरा घरं गेली. मी पोरीला छातीशी धरून पळाले, सासूबाईंनी देवाचा डबा उचलला, आणि हे मशीन ओढायला आत गेले ते हात भाजून रिकामेच बाहेर आले. माणूस कोणी दगावलं नाही, एवढंच नशीब.

आम्ही अकरा घरची माणसं गावाबाहेरच्या आमराईत राहिलो. लोक किती चांगले असतात ते मी त्या दिवसांत बघितलं. अल्लीपूरहून ज्वारीनं भरलेली बैलबंडी आली. कोणी लुगडी दिली, कोणी तवे दिले. तोंडओळख नसलेला एक म्हातारा शिंपी आपलं जुनं मशीन बैलगाडीत घालून घेऊन आला आणि यांना म्हणाला, "जम बसला की दुसऱ्या कोणाले दे." पाणीसुद्धा न पिता गेला.

पण माझं दुखणं वेगळंच होतं. आगीच्या धसक्यानं त्याच संध्याकाळी माझं दूध आटलं. गाईचं दूध आणून बोळ्यानं पोरीच्या तोंडात पिळायचो, निम्मं बाहेर यायचं. तिचं रडणं बारीक बारीक होत गेलं. रडणाऱ्या पोराची भीती नसते हो, रडायचं थांबलेल्या पोराची असते. सकाळपर्यंत ती नुसती ओठ हलवत होती. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि आईनं खाल्लं नाही तर दूध कुठून येणार?

त्या सकाळी ती बाई आली.

साठीच्या पुढची, जराशी वाकलेली, मातकट लाल लुगडं, हनुवटीवर गोंदण आणि उजव्या भुवईत एक जुनी खोक. डोक्यावर झाकलेला पितळी गंज. गंज म्हणजे आमच्याकडे मोठं पातेलं. सरळ माझ्यापुढे येऊन बसली आणि झाकण काढलं. आत दुधागुळात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, वाफ निघत असलेल्या.

"खाय," म्हणाली. "तुह्यासाठी नाई, पोट्टीसाठी खाय."

मी मान हलवली. तर तिनं स्वतःच्या हातानं घास भरवला. माझ्या आईनंही लग्नानंतर मला असं भरवलं नव्हतं. मी रडत रडत गंजातलं निम्मं संपवलं.

सासूबाईंनी विचारलं, "माय, कोणत्या गावची व तू?"

"हे काय, जवळचीच," ती म्हणाली आणि गंज उचलून पाणंदीनं निघून गेली. एरवी आमच्या सासूबाई परक्या घरचं पाणी घ्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी तिची जात विचारली नाही, यावरून समजा आमची काय अवस्था होती.

ती रोज सकाळी येत राहिली. मी एकटीनं नव्हे, सासूबाईंनी तिला रोज बघितलं, यांनी दोनदा बघितलं. गंज रोज तसाच कढत असायचा. पाचव्या दिवशी मला पान्हा फुटला. पोरगी लुचायला लागली आणि लुचता लुचता झोपली, तेव्हा ती बाई माझ्यापेक्षा जास्त हसली. नवव्या दिवशी म्हणाली, "हा गंज राहू दे तुह्यापाशी." दहाव्या दिवसापासून ती आलीच नाही.

सासूबाई म्हणाल्या, दुसऱ्याचं भांडं ठेवून घेऊ नये, आणि परत करायचं तर रिकामं करू नये. अल्लीपुरात विचारलं, आजूबाजूच्या गावांत विचारलं, तिला कोणी ओळखेना. मग एक दिवस मी गंज राखेनं खसखसून घासला तेव्हा काठाखाली टोचलेली अक्षरं दिसली. 'भागीरथीबाई, केळझर.' आपल्याकडे भांड्यावर नाव घालतातच, त्यात नवल नाही. पण केळझर? आमच्या गावाहून वर्धा, आणि वर्ध्याहून पुढे नागपूरच्या रस्त्यानं तेवढंच अंतर. पंधरा-सोळा कोस सहज. तिथून डोक्यावर कढत गंज घेऊन रोज सकाळी कोण येईल? आम्ही ठरवलं, ती इकडे कोणाकडे पाहुणी आली असेल. मी म्हटलं ना, मी तेव्हाही अशीच होते. प्रत्येक गोष्टीला कारण शोधणारी.

महिन्याभरानं आम्ही दोघं पोरीला घेऊन निघालो. वर्ध्यापर्यंत बैलगाडी, पुढे मोटर. गंजात चार मुठी तुरीची डाळ आणि गुळाचा खडा घातला होता. ती डाळही लोकांनी दिलेलीच.

केळझरला भागीरथीबाईंचं घर लगेच सापडलं. पुढे किराणा दुकान, मागे घर. दुकानात त्यांचा मुलगा बसला होता, चाळिशीचा. मी गंज पुढे केला तसा तो उठूनच उभा राहिला आणि आत बघून ओरडला, "अवं, गंज सापडला!"

त्याची बायको धावत आली. गंज हातात घेऊन फिरवून बघितला. "हा माह्या सासूबाईच्या लग्नातला. त्या तर बाजेवरून उठत बी नाई. चैतापासून शोधून राह्यलो आमी. कोणं देल्ला तुले? मैनीनं ना?"

मैनी म्हणजे मैनाबाई, त्यांच्याकडे धुणीभांडी करणारी. गोंडांच्या वस्तीतली, नवरा जंगलात लाकूडतोडीला. गंज दिसेना झाला तेव्हा या लोकांनी तिच्यावर आळ घेऊन तिला काढून टाकलं होतं, आणि मग गावात दुसऱ्या कोणीही तिला कामाला ठेवेना. आता गंजच हाती आला म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "आता पोलीस पाटलालेच सांगतो. चोरून पार अल्लीपुराकडे नेऊन इकला!"

मला काय वाटलं असेल बघा. उपकार फेडायला भरलं भांडं घेऊन गेले, आणि एका बाईच्या गळ्यात चोरीचं बालंट बांधलं.

मैनाबाईला बोलावून आणलं. कडेवर मूल, मागे वस्तीतली चार माणसं. मी तिला बघितलं. पंचविशीची, उंच, काटकुळी. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "ही ती बाई नाही. मी हिला आज पहिल्यांदा बघते आहे. आणि आम्ही काही विकत घेतलेलं नाही."

"मंग दुसऱ्या कोणाच्या हातून पाठवला असन," सून म्हणाली. मैनाबाई बोलून बोलून थकलेली दिसत होती.

तेवढ्यात आतून आवाज आला. "कोण आलं व?"

 तो आवाज मी नऊ सकाळी ऐकला होता. मी कोणाला न विचारता आत गेले. माजघरात बाजेवर एक म्हातारी पडलेली. हनुवटीवर गोंदण, उजव्या भुवईत खोक. तीच. सारखी दिसणारी नव्हे, तीच. माझ्यामागे आमचे हे आले आणि दारातच थबकले.

"दोन वर्सं झाले, कमरेखालून लुली पडली," सून मागून म्हणाली. "कुशीवर वळवाले बी दोघं लागतात. काऊन, वळखते का तू तिले?"

हे माझ्या कानाशी लागले, "गप राह्य. गंज देल्ला ना, चाल आता." आमचे हे मशीनवर बसले की वाघ, चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की शेळी. पण खरं सांगते, मलाही निघून यावंसंच वाटत होतं. बोलले तर मला खुळी ठरवणार, वर म्हाताऱ्या बाईची बदनामी केली म्हणणार. आणि मी स्वतःच असल्या गोष्टींवर हसणारी... काय तोंडानं बोलणार होते?

मग माजघराच्या दारातून मैनाबाई दिसली. अंगणात उभी, मूल या कडेवरून त्या कडेवर घेत होती. माझ्यासाठी ओळख ना पाळख अशी एक बाई नऊ दिवस आली होती. मी हिच्यासाठी चार वाक्यं बोलू शकत नव्हते?

मी बाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं, "गंज घेऊन आमच्याकडे आल्या होत्या त्या या आत झोपलेल्या आजी. रोज सकाळी, नऊ दिवस. माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते."

आधी कोणी तरी हसलं. मग मुलगा लाल झाला. "माह्या जित्त्या मायले भूत म्हणून राह्यली का तू?"

"तिच्यावर काऊन ओरडतं रे?" आतून म्हातारी म्हणाली. "गंज मीच नेलता."

"माय, तुले बसता तरी येते का?"

"मीच नेलता म्हणलं ना. मैनीनं नाई नेला. तिच्यापुढं चूक झाली म्हण, चार लोकाईत."

 सून खाली बसली आणि आपल्याशीच बोलल्यासारखी बोलू लागली. हनुमान जयंतीच्या तिसऱ्या दिवसापासून नऊ दिवस सासूबाईंनी सकाळच्या कण्या तोंडात घेतल्या नव्हत्या. वाटी बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, हे त्या लेकुरवाळीले दे. घरच्यांना वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. दहाव्या दिवशी आपणहून जेवल्या. मी बोटांवर मोजलं. हिशेब तंतोतंत जुळत होता. आगीची बातमी त्या घरात आमच्या तोंडूनही अजून कोणाला कळलेली नव्हती.

मुलानं चार लोकांत चूक कबूल केली. मनातून की आईच्या धाकानं, ते त्यालाच ठाऊक. सून म्हणाली, उद्यापासून कामाले येजो. मैनाबाई म्हणाली, "तुमच्या घरी नाई येत आता. दुसरीकडं भेटन काम, चोर नाई ना मी." जाताना माझ्यापाशी थांबली. "तू मले वळखत बी नाई. मंग काऊन बोलली?"  मी तिच्या पोराच्या गालावरून हात फिरवला.

निघण्याआधी मी आजींच्या बाजेपाशी एकटी बसले. त्यांनी माझी पोरगी पोटावर घेतली होती. त्यांनी सांगितलं, प्लेगच्या साथीत गाव सोडून त्या शेतातल्या झोपडीत राहिल्या होत्या, अंगावर पितं मूल होतं, आणि एक अनोळखी बाई त्यांना कण्या आणून द्यायची. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणाल्या. मी हळूच विचारलं, "आजी, खरं सांगा, तुम्ही खरंच आलत्या? का मैनाबाईसाठी तसं बोलल्या?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या. पाचव्या दिवशी हसल्या होत्या तशाच. "पोट्टीचं पोट भरलं ना? मैनीवरचा आळ गेला ना? मंग काऊन खोदून राह्यली?"

परतताना मोटरीत हे एवढंच म्हणाले, "तीच होती." पुढे चाळीस वर्षांत त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. आजी त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास गेल्या.

त्यानंतर मी शिकले, नर्स झाले, आणि ओळख ना पाळख अशा किती बायांना भरवलं त्याची मोजदाद ठेवली नाही. लॉजिक लावून थकले. जुळी बहीण होती का, तेही विचारून झालं, नव्हती. तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचीन. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. त्या दिवशी मी वाकून आजींच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा त्यांचे तळवे माझ्या हातात आले. दोन वर्षं जमिनीला न लागलेले तळवे, माझ्या तान्ह्या पोरीच्या तळव्यांसारखे मऊ. त्या पायांनी सोळा कोस सोडा, सोळा पावलंही कोणी चाललं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. आणि मला घास भरवणारी बाई तीच होती, हेही शपथेवर सांगते.