गवताच्या पुलाची अर्धी गोष्ट

भुताखेतांच्या पुस्तकांशी माझा संबंध एवढाच, की मी त्यांना क्रमांक घालून कपाटात लावतो. हिंगोलीतल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, बावीस वर्षं झाली. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचत आलो आणि दर वेळी मनात म्हणत आलो... वार चुकला असेल, झोप झाली नसेल, माणूस हळवा झाला असेल. आज हे तिन्ही आक्षेप माझ्यावरच घेतले जातील. घ्यावेत. मी फक्त घडलं तसं लिहितो.

माझी पत्नी वृंदा पुसेगावच्या शाळेत शिक्षिका होती. सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळच्या एसटीने परत यायची. आम्हाला मूल नाही. फिरणंही फारसं झालं नाही – आधी माझ्या आईचं आजारपण, मग दोघांच्या सुट्ट्यांचा मेळ बसेना. सगळ्यात लांबचा प्रवास हैदराबादचा. पण जेवणं झाली की आमचा एक खेळ असायचा. एकाने जगातल्या एखाद्या विचित्र ठिकाणाबद्दल सांगायचं, नाव लपवून, आणि दुसऱ्याने निदान खंड तरी ओळखायचा. वाळवंटात वर्षानुवर्षं जळत राहिलेला खड्डा, जमिनीखाली मजल्यांवर मजले खोदलेलं शहर, माणसांच्या हाडांचं झुंबर टांगलेलं चर्च... असं आम्ही जग फिरलो. आमच्या औंढ्याच्या देवळात नंदी पुढे नाही, मागच्या बाजूला आहे. तेही कुणीतरी असल्या पुस्तकात घालायला हवं, असं ती म्हणायची.

मागच्या नोव्हेंबरातला एक रविवार. एका निवृत्त प्राध्यापकांनी वाचनालयाला पुस्तकांचं खोकं दिलं होतं. ते मी त्या दिवशी सकाळी उघडलं आणि त्यातलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दुपारी घरी आणलं. जगातल्या अपरिचित जागांचं, तीनशेहून जास्त पानांचं, एका पानावर एक जागा. संध्याकाळी वृंदा मेथी निवडत होती आणि शेजारी ते पुस्तक उघडं होतं. मी टेबलाशी. दोन दिवसांनी वाचनालयाची तपासणी होती आणि आलेल्या पुस्तकांची माझी दाखल नोंदवही अर्धवट होती.

"अहो, हे ऐका. खंडसुद्धा ओळखता यायचा नाही तुम्हाला."

"उद्या सांग."

"पाच मिनिटांचं आहे."

"वृंदा, तपासणी आहे. उद्या म्हटलं ना."

"बरं, उद्या. तोवर त्या तपासणीवाल्यांनाच विचारा खंड!" ती हसली आणि तिने पुस्तक मिटलं. पानात खूण ठेवली नाही.

सोमवारी पहाटे ती उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. पाचच्या सुमारास असावं.

त्यानंतर मी ते पुस्तक वाचत राहिलो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दोनदा. प्रत्येक पानापाशी थांबायचो – ही जागा असेल? हिच्याबद्दल सांगताना ती हसली असती? इतक्या वर्षांत मला तिच्या आवडी ठाऊक होत्या असं वाटायचं. तीनशे पानांतलं एक पान मला ओळखता येत नव्हतं. शोक कसा असतो ते मी पुष्कळ वाचलं आहे. हा असा असेल असं कुठे वाचलं नव्हतं... की तिची आपल्याला एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती कोणती, हेही कळू नये.

एप्रिलमध्ये तिचं शाळेतलं कपाट रिकामं करायला पुसेगावला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद वाळत घातली होती. कपाटात एक पृथ्वीगोल, छत्री, खडूंचे डबे. मुख्याध्यापकांनी सगळं पिशवीत भरून दिलं. निरोप देताना ते जरा अडखळत म्हणाले, "सर, बसथांब्यावर कोंडाबाई म्हणून एक मेंढरंवाली बसते. ती काही बोलली तर मनावर घेऊ नका."

"काय बोलते?"

"म्हातारी आहे. सोडून द्या."

थांब्याजवळ निंब आहे. त्याच्या बुंध्याला टेकून एक सत्तरीची बाई पायाच्या अंगठ्यात वाखाच्या तंतूंचं टोक अडकवून दोर वळत होती. पलीकडे तिची मेंढरं. तिने आधी माझ्या हातातला पृथ्वीगोल पाहिला, मग मला.

"तुमी बाईचे सर न्हवं?"

"हो."

"बसा की मंग. उभं काहून राह्यलात? बाई म्हणायच्या, आमचे सर लई शिकलेले, पर बोलायला पुस्तकापेक्षा कमी."

मी हसलो. कित्येक महिन्यांनी हसलो असेन. ती सांगत गेली. बसची वाट बघताना वृंदा रोज इथे बसायची आणि आमच्या रात्रीच्या गोष्टी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिला सांगायची. हाडांचं चर्च हिला आवडलं नव्हतं. "मेलेल्या माणसाला टांगून ठेवायचं म्हंजे काय? काय तकलीफ दिली व्हती त्यानं?" जळणारा खड्डा मात्र पसंत होता, थंडीत मेंढरं शेकायला बरा.

मग म्हणाली, "पर मला आवडला तो गवताचा पूल. शेवटचा."

मी विचारलं, कुठला पूल.

"आता तुमीच इचारून राह्यलात व्हय? तिकडं डोंगरात मोठी नदी हाय म्हणं. तिच्यावर निसत्या गवताच्या दोराचा पूल. दर साली नवा करत्यात. सगळ्या गावच्या बाया बसून दोर वळत्यात, आमच्यावानी. पर पुलावर काम करायला गडीमाणसंच. मी म्हणलं, बाई, हितं बी तसंच अन् तिथं बी तसंच! अन् जुना पूल तोडून नदीत सोडून देत्यात. गवतच ते, जातं वाहून."

पुस्तकातलं ते पान माझ्या डोळ्यांसमोर आलं. पेरू देश, अँडीज पर्वत. दोनदा वाचलेलं, दोनदा उलटलेलं. त्या पानावर मी थांबलो होतो, पण इतर पानांइतकाच.

"हे तिनं तुम्हाला कधी सांगितलं?"

"सोमवारी."

"कुठल्या सोमवारी?"

तिचा हात थांबला. ती माझ्याकडे बघेना. "त्याच सोमवारी, सर. सकाळी नवाच्या टायमाला मी मेंढरं काढली, तर बाई हितं बसलेल्या. म्हणलं, बाई, शाळेत न्हाई जायचं का? तर म्हणल्या, आज सुट्टी हाय कोंडाबाई. माझ्या हातातला दोर बघितला अन् पुलाचं सांगायला लागल्या."

सोमवारी सकाळी नऊ वाजता वृंदा आमच्या बैठकीच्या खोलीत, जमिनीवर, माझ्यासमोर होती. मी तिच्या हातापाशी बसलो होतो.

भीती वाटली का, असं कुणी विचारेल. नाही वाटली. फार जवळून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटलं.

कोंडाबाई पुढे म्हणाली, "अर्धंच झालं पर. दोन कारागीर दोन काठावरून इणत इणत येत्यात म्हणं. मी म्हणलं, मंग मधी कसं जुळवत्यात? एकाचा दोर खाली, एकाचा वर झाला तर? बाई म्हणल्या, मला आता निघायचं हाय. सरांना काल समदं सांगितलंय, ते येतील, त्यांना इचारा. तवापासून मी तुमची वाट बघून राह्यले. आता सांगा."

ती दोर गुडघ्यावर ठेवून माझ्याकडे बघत बसली. पुस्तकात दोन परिच्छेद आणि एक फोटो आहे, मध्ये कसं जुळवतात ते त्यात नाही.

"मला नाही सांगितलं तिनं."

"आसं कसं? बाई खोटं न्हाई बोलायच्या."

"ती सांगत होती. मी म्हटलं, उद्या सांग."

कोंडाबाई दोर पुन्हा अंगठ्यात अडकवत म्हणाली, "मंग तुमची बाजू सांभाळली म्हणायची त्यांनी."

बस आली. मी चढलो नाही, परत शाळेत गेलो. कोंडाबाई हे नेमकं कोणत्या दिवशी बोलली, ते मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "त्याच सोमवारी. तुमच्या मेव्हण्यांचा फोन दहानंतर आला. शाळा सोडून दिली. दुपारी ही बाई फाटकाशी येऊन भांडायला लागली – जित्या माणसाला काहून मारता, सकाळीच बोलले मी बाईसंगं. पन्नास पोरांनी ऐकलंय, सर. तुम्हाला कसं सांगणार होतो?"

पुस्तक रविवारी सकाळी खोक्यातून मी स्वतः काढलं होतं. वृंदाने ते संध्याकाळी पाहिलं. त्यानंतर ती घराबाहेर पडली नाही, कुणाला फोन केल्याचं तिच्या मोबाइलमध्ये नाही. कोंडाबाईला वाचता येत नाही. शनिवारी बोलणं झालं असेल आणि म्हातारीचा गोंधळ झाला असेल असं मानावं, तर शनिवारी पुस्तक खोक्यात होतं. वृंदाने पूर्वीच कुठेतरी या पुलाबद्दल वाचलं असेल असं मानावं, तर "काल सांगितलं" याचं काय करू? मी प्रत्येक बाजूने विचार केला.

अधूनमधून शनिवारी मी पुसेगावला जातो. निंबाखाली तासभर बसतो. कोंडाबाई विचारते, "सापडलं का सर, मधी कसं जुळवत्यात?" मी म्हणतो, नाही. ती म्हणते, "एवढी पुस्तकं हायती अन् तेवढं सापडंना?" आणि मेंढरं वळवायला उठते.

मोबाइलवर बघितलं तर दोन मिनिटांत कळेल, हे मलाही माहीत आहे. मी अजून बघितलेलं नाही.