बडे बाबूंचं आवाळू

बडे बाबू गुणाकर यांच्या टकलावर उजव्या बाजूला सुपारीएवढं आवाळू होतं, आणि त्या आवाळूत जेवढं काही होतं तेवढंही त्यांच्या डोक्यात नव्हतं. साठ-बासष्टच्या सुमारास बालाघाटात आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एक होती, त्यामुळे हे ऐकीव नाही.

लहानपणी कुण्या जोशाने सांगितलं होतं, डोक्यावर आवाळू म्हणजे राजयोग. तेव्हापासून कातडीखाली मळ साचलेली ती पिशवी या गृहस्थांचं कुलदैवत. कचेरीत बढती मिळून हेडक्लार्क, म्हणजे बडे बाबू झाले, ते आवाळूमुळे. रोज सकाळी त्याला तिळाचं तेल चोळायचे. दुसऱ्यांच्या गाठींशी मात्र हात सैल. कचेरीतला शिपाई टिकाराम, त्याच्या मनगटावर पाण्याची गाठ आली, ती यांनी जाड पोथी हाणून फोडली. गाठ पुन्हा आली, वर मनगट सुजलं ते निराळंच.

त्यांच्या बायकोला, कालिंदीला, मूल नव्हतं. एका वर्षी तिचं पोट वाढायला लागलं. बाबू आवाळू कुरवाळत गल्लीभर सांगत सुटले, "राजयोग फळाले आला." डोहाळजेवण थाटात झालं. हिरव्या साडीत बसलेली कालिंदी माझ्या आईच्या कानाशी लागली.

"काकू, हे पोर नोहे. पाळी येऊनच राह्यली. पोट हलत नाही, नुसतं दुखते. त्यायले सांगतलं तं म्हणते, दवाखान्यात नेलं का दृष्ट लागते."

दिवस भरले, वर महिना गेला. बाबू म्हणाले, "मोठी माणसं सावकाशच जन्माले येते."

एका दुपारी ते कचेरीत असताना कालिंदी चुलीपुढेच कोसळली. आईने तिला रिक्षात घालून दवाखाना गाठला. पोट उघडलं तर अंडाशयावर पाण्याने भरलेली भोपळ्याएवढी गाठ, तिला पीळ पडलेला. रात्र काढली असती तर बाई हाती लागली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी बाबू आले. बायको कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "आता लोकायले काय सांगू?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या टकलाकडे पाहिलं. "हे आवाळूही सहज निघेल. उद्या या."

खाटेवरून कालिंदी हळू पण स्पष्ट बोलली. "अहो, मायी गाठ निंगाली. आता तुमची काढून घ्या. ते डोक्यावर हाये तोवर मी घरी येत नाही."

बाबूंनी टोपी घातली आणि घरी निघून गेले.

टाके निघाल्यावर कालिंदी लालबर्र्याला भावाकडे गेली, ती तिकडचीच झाली. बाबू एकटे राहिले, हाताने भाकरी थापून खाऊ लागले. लालबर्र्याला जाणारी सर्व्हिस मोटार रोज त्यांच्या दारावरून जायची. त्या मोटारीकडे पाठ करून हा राजयोगी ओट्यावर बसायचा आणि आवाळूला तेल चोळायचा.