पहिलीच्या बाईंचा उजवा हात

पहिलीच्या बाईंना कुणी नावानं हाक मारल्याचं ऐकिवात नाही. भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत साऱ्यांच्या त्या ‘पहिलीच्या बाई’. अर्ध्या वस्तीनं पहिलं अक्षर त्यांच्यासमोर गिरवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीच्या पोरांनी. घरी नवरासुद्धा त्यांना बाईच म्हणे. बिचाऱ्यानं लग्नानंतर काही दिवस नावानं हाका मारून पाहिल्या, पण बाईंची मान म्हणून वळत नसे. ‘बाई’ म्हटलं की मात्र हातातलं पातेलं टाकून येत.

बाई शिकवायच्या फार छान. नाकं पुसता पुसता बेरजा, भांडणं सोडवता सोडवता वजाबाक्या. त्यांच्या वर्गात एक रीत होती. एखाद्याला काही येत नसेल तर त्यानं बोलायचं नाही, रडायचं नाही, नुसता डोक्यावर हात ठेवायचा. बाई त्याच्याजवळ जाऊन बसायच्या आणि हळू आवाजात पुन्हा सांगायच्या. बाकीच्यांनी बघायचं नाही. कधी कधी अर्धा वर्ग डोक्यावर हात ठेवून बसलेला असे, आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटे, यांच्या घरी काय झालं कोण जाणे.

पण बाईंचं खरं कसब होतं उजवं-डावं शिकवण्यात. आता हे वाटतं तितकं सोपं नाही. मुलं इकडे तोंड करून बसलेली, बाई तिकडे तोंड करून उभ्या. बाईंनी आपला उजवा हात वर केला की मुलं आरशातल्यासारखी डावा वर करणार. म्हणून बाई तोंडानं म्हणायच्या, “उजवा हात वऽऽर,” आणि वर करायच्या डावा. पोरांचे उजवे हात बरोब्बर वर. वस्तीतल्या एकाही माणसाचं उजवं-डावं चुकत नसे, ते या कसबामुळं.

एका माणसाचं सोडून. इतकी वर्षं डाव्या हाताला उजवा म्हणता म्हणता बाईंच्या डोक्यात तो उजवाच होऊन बसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. रस्त्यात कुणी दवाखाना विचारला की बाई अगदी प्रेमानं, हातवारे करून सांगायच्या, आणि तो आजारी माणूस लाकडाच्या वखारीत जाऊन पोचायचा. बाईंचं त्यावर म्हणणं असं, की हल्ली लोक नीट ऐकून घेत नाहीत.

नवऱ्याला हे ठाऊक होतं. पण तो जातीचा शिंपी. कापड उलटं असलं तरी गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. शिवाय रोज सकाळी बाईंना स्कूटरवर मागे बसवून शाळेत सोडायचं काम त्याचंच. रस्ता त्याला माहीत. बाई मागून “आता डावीकडे” म्हणत आणि तो उजवीकडे वळून योग्य जागी पोचत असे. संसार सुखाचा चालला होता.

मग एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. नवऱ्याच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, मशीन चालवा, स्कूटर नको. आणि शाळेनं ठरवलं की जुन्या इमारतीत आता मोठे वर्ग बसतील, पहिली-दुसरीची मुलं दिवाळीच्या सुट्टीनंतर नदीपलीकडच्या नव्या इमारतीत जातील. मुलांसाठी शाळेची गाडी होती. ती पोरांनीच अशी खच्चून भरायची की बाईंची पर्ससुद्धा मावली नसती. दुसरं वाहन त्या रस्त्यानं जात नव्हतं.

मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली म्हणजे बातमी वाईट, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

“बाई, तुम्ही आता इथंच कचेरीत बसा ना. दाखले द्यायचे, शिक्के मारायचे. पंखा आहे, चहा आहे. किती दिवस नाकं पुसणार?”

बाईंनी कचेरीकडे एकदा पाहिलं. स्वच्छ होती. कुणी कुणाला चावत नव्हतं, कुणाची चप्पल हरवली नव्हती, कुणाला शू लागली नव्हती. बाई खुर्चीतून उठल्या.

“मी स्कूटर शिकते,” त्या म्हणाल्या.

“या वयात?”

“एवढ्याशा वयात पोरं ‘ळ’ काढायला शिकतात. तो स्कूटरपेक्षा अवघड असतो.”

मुख्याध्यापिका हसल्या, आणि ठरलं. सुट्टी संपायच्या आत लायसन्स मिळालं तर वर्ग बाईंचा. नाही तर शिक्के.

नवऱ्यानं शिकवायला घेतलं. मागच्या सीटवर बसून तो उंटावरून शेळ्या हाकू लागला. बाई हुशार, तोल, ब्रेक, हॉर्न सगळं पटापट आलं. हॉर्न तर जरा जास्तच आला. फक्त तो “उजवीकडे” म्हणाला की स्कूटर शेजाऱ्यांच्या फाटकात शिरायची. शेजारी पहिल्या दिवशी “या, बसा” म्हणाले. पुढं पुढं त्यांनी फाटकाला कुलूप लावलं. तरी नवरा गप्प. त्याला वाटलं, परीक्षेत बहुधा सरळच जायला सांगतील.

परीक्षेच्या मैदानावर चुन्यानं रस्ता आखला होता आणि शेवटी त्याला दोन फाटे फुटले होते. परीक्षक म्हणजे कोण, तर बाईंच्याच वर्गात एके काळी पेन्सिली खाणारा मुलगा. आता त्याला ढेरी होती, मिशी होती आणि खिशाला पेन होतं, तेही टोकाला चावलेलं. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला.

“बाई, शेवटपर्यंत या आणि उजवीकडे वळा.”

बाई निघाल्या. काय ती ऐट! पाठ ताठ, वेग बेताचा, मागं पाहिलं, दिवा लावला, आणि डौलदार वळण घेऊन डावीकडच्या जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन थांबल्या.

“छान वळले ना रे?” त्यांनी तिथूनच विचारलं.

परीक्षकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. “बाई, मी उजवीकडे म्हटलं होतं.”

“मग? उजवीकडेच आले की.”

त्यानं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, “बाई, उजवं-डावं मला तुम्हीच शिकवलंत. म्हणून तर नापास करावं लागतंय.”

गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय! त्यानं सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली आणि टायर उचलायला स्वतः आला.

त्या संध्याकाळी घरात भांडी जरा जोरात वाजली. “तुम्हाला ठाऊक होतं?” बाईंनी विचारलं. नवरा सुईत दोरा ओवू लागला, डोळे नसताना. “बोला की! इतकी वर्षं मी लोकांना वखारीत पाठवतेय आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?”

“वखारवाला खूश होता गं, बाई,” तो पुटपुटला. “तेवढीच त्याच्याकडे वर्दळ.”

बाई हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. स्कूटरचं एवढं नाही. पण जी गोष्ट साऱ्या वस्तीला दिली ती आपल्याजवळच उरली नाही, हे त्यांना झोंबलं. नवऱ्यानं पश्चात्तापानं स्कूटरच्या उजव्या मुठीला लाल फीत बांधून दिली. तिचाही उपयोग नाही. ‘उजवीकडे’ ऐकायचं, मग फीत आठवायची, मग ती शोधायची, तोवर शेजाऱ्यांचं फाटक आलेलं असायचं.

सुट्टी लागायला थोडे दिवस होते. बाई वर्गात आल्या, हजेरी झाली, आणि त्या टेबलाजवळ नुसत्याच उभ्या राहिल्या. मग त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

हे आजवर कधी घडलं नव्हतं. बघायचं नाही, हा नियम. म्हणून सगळे बाकाखाली बघू लागले. पण बाईंच्याजवळ जाऊन बसणार कोण?

पहिल्या बाकावरून एक मुलगी उठली. तिला सगळे ‘कशाला’ म्हणत, कारण तिचं प्रत्येक बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. डबा खा, कशाला? ओळीत उभी राहा, कशाला? तिची आई म्हणे, जन्मल्यावर रडलीसुद्धा नाही, डोळे मोठे करून बघत राहिली. कशालानं बाईंचा पदर ओढून त्यांना खुर्चीत बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, “काय येत नाही?”

“उजवं-डावं,” बाई तितक्याच हळू म्हणाल्या.

कशाला मागं वळून वर्गावर ओरडली, “बाईंना उजवं-डावं येत नाही!” हळू बोलण्याचा भाग तिला अजून शिकायचा होता.

कुणी हसलं नाही. पहिलीत न येण्यासारख्या इतक्या गोष्टी असतात की एकीचं काय घेऊन बसता! कशालानं मात्र विचार केला आणि म्हणाली, “तुम्ही तिथं कशाला उभ्या राहता? आम्ही सगळे इकडून बघतो. तुम्ही एकट्याच तिकडून. चुकणारच ना. इकडं येऊन बसा.”

बाई गेल्या. शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीपाशी घेऊन, दोन पोरांच्या मध्ये बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी आपला फळा इथून पाहिलाच नव्हता. केवढा उंच होता तो! आणि समोर उभं राहणारं माणूस किती मोठं वाटत होतं, ते माणूस म्हणजे कशाला असूनसुद्धा.

“उजवा हात वर!” कशालानं फर्मावलं आणि आपला उजवा हात वर केला. निम्म्या वर्गानं उजवा केला, निम्म्यानं डावा, एकानं दोन्ही. गोंधळ माजला. कशालानं कपाळाला आठ्या घातल्या. मग तिचं तिलाच उमगलं. “थांबा. मी उलटा करते, तुम्ही सुलटा करा.” तिनं डावा हात वर केला, आणि शेवटच्या बाकावरून बाईंचा उजवा हात वर गेला. बाईंना तो स्वतःचा हात जरा परका वाटला, खूप दिवसांनी माहेरी आलेल्या मुलीसारखा.

मग रोज शेवटच्या तासाला हाच कार्यक्रम. वर्गात हात, मैदानात स्कूटर. पाण्याच्या बाटल्या मांडून रस्ता केला, आणि सारी पोरं ओठ थरथरवत “डुर्रर्र” करत एकामागून एक धावू लागली. कशाला टोकाला उभी राहून “उजवीकडे!”, “डावीकडे!” म्हणून वळवत होती. रांगेच्या शेवटी पदर खोचून, हवेतलं हँडल धरून, बाई. मुख्याध्यापिका खिडकीशी आल्या, त्यांनी पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या परीक्षेला नवरा बरोबर आला आणि बाकावर डोळे मिटून बसला. तसेही ते मिटलेलेच बरे होते. परीक्षक दोन फाट्यांच्या मधोमध उभा राहिला. मदत होऊ नये म्हणून त्यानं दोन्ही हात खिशात घातले होते.

“उजवीकडे वळा, बाई.”

टायरांचा ढीग तिथंच होता, आणि त्याच्यामागं त्यांना कचेरी दिसू लागली. पंखा, चहा, शिक्के. त्यांनी स्कूटर हळू केली. आणि तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांपुढं फळा आला, फळ्यासमोर कपाळाला आठ्या घातलेली पोरगी, आणि आजूबाजूला चिमुकल्या हातांची गर्दी. त्यांचा एक हात आपण होऊन वर जायला शिवशिवला. जो शिवशिवला, तिकडं बाई वळल्या.

परीक्षकानं खिशातून हात काढले आणि टाळ्या वाजवल्या, जे त्याच्या नियमात बसत नव्हतं.

नव्या इमारतीच्या पहिल्या दिवशी बाई पुलावरून स्वतःच्या स्कूटरवर आल्या. हॉर्न तर दोन्ही काठांना ऐकू गेला. पोरं खिडक्यांना लटकली. नवे बाक, नवा फळा, रंगाचा वास. पण वर्ग तोच. बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि इतका आनंद झाला होता की काय शिकवावं ते सुचेना, म्हणून सवयीनं म्हणाल्या, “उजवा हात वऽऽर!”

सगळ्यांचे उजवे हात वर गेले. पहिल्या बाकावर, अगदी ऐटीत, एकच डावा.

वर्ग कशालाकडे बघू लागला. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे, मग पुन्हा पहिल्याकडे. तिचा खालचा ओठ बाहेर आला. आणि ज्या मुलीनं शाळेत आल्यापासून एकदाही तसं केलं नव्हतं, तिनं हळूच डोक्यावर हात ठेवला.

बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

“घाबरू नकोस,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “हे शिकवणाऱ्यांना होतं. मला शिकवता शिकवता तुला झालं.”

“मग तुम्ही कशाला शिकवता?”

बाईंनी या मुलीच्या सगळ्या ‘कशाला’ची उत्तरं आजवर दिली होती. त्यांनी तिचा उजवा हात आपल्या उजव्या हातात घेतला आणि म्हणाल्या, “कारण मग कुणीतरी आपल्यालाही शिकवतं.”

कशालाला ते पटलं की नाही, सांगता येत नाही. पण तिनं नाक पुसलं, बाईंच्याच पदराला. बाई तिला घेऊन शेवटच्या बाकावर गेल्या, दोघी शेजारी शेजारी बसल्या, आणि बाईंनी मधल्या रांगेतल्या एका पेन्सिल चावणाऱ्या मुलाला फळ्यासमोर उभं केलं. त्यानं पेन्सिल तोंडातून काढली, थोडा विचार केला आणि “उजवा हात वर” म्हणत डावा हात वर केला. वर्ष संपेपर्यंत आता एकेक करून अख्खा वर्ग बिघडणार, हे बाईंना दिसत होतं. पण त्याला काही इलाज नव्हता. कशालाबरोबर त्यांनीही आपला उजवा हात वर केला.