भांडणातला बांध

सकाळी आमच्या शेजारच्या बांधावरून तितर ओरडतात. दोन सख्ख्या भावांच्या शेतांमधला हा बांध. तो कुणाचा, यावरून दोघांचं बोलणं तुटलं आणि तेव्हापासून त्याला ना नांगर लागला, ना विळा. बोरी माजल्या, गवत कमरेला आलं, तितरांनी तिथं संसार मांडले.

बाकी शिवारात सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं. बांध कोरून कोरून दोरीएवढे उरलेले. त्या शहाण्या शेतांत पाखराला अंडं ठेवायला वीतभर जागा नाही. जागा उरली ती भाऊबंदकीत. माणसं एकमेकांना नको झाली, म्हणून जमिनीचा एक तुकडा वाचला. हे कुणाला सांगायचीही लाज वाटते.

यंदा थोरल्याच्या मुलीच्या लग्नात दोघं भाऊ गळ्यात पडून रडले. आम्हीही डोळे पुसले.

पुढच्याच आठवड्यात थोरला ट्रॅक्टर घेऊन आला. "मिटलं ना रे सगळं? मग काढून टाकू हा बांध."

धाकटा गवतापाशी उभा होता. आत तितर ओरडला. तसा धाकटा हळूच म्हणाला, "एवढं एक भांडण राहू दे, दादा."