गॅलरीतला वॉल्ट्झ

बॉलरूम म्हणजे क्लबातल्या श्रीमंतांचा नाच, असं माझं ठाम मत होतं. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. जयंतीची, मोर्चाची, संपाची. मी अक्षरं शिकलो तीच त्यांच्यावर. थोरली बहीण मानपाड्याला एका कारखान्यावरच्या हॉलमध्ये वॉल्ट्झ, म्हणजे बॉलरूमचाच एक जोडीनाच, शिकायला जाऊ लागली तेव्हा मी तिला सुनावलेलं, "ताई, हा आपला नाच नाही."

"मग कुणाचा रे? पाय तर माझेच आहेत."

बारा वर्षांनी तिला टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत व्यावसायिक जोडीदार म्हणून घेतलं. एका नटाला नाच शिकवायचा आणि दर आठवड्याला त्याच्यासोबत उतरायचं. पण पहिल्या भागाआधी प्रत्येकीच्या संघर्षाची छोटी फिल्म दाखवायची, ही त्यांची पद्धत. त्यासाठी ती मंडळी मोहन्याला आमच्या चाळीत आली.

आईने तोवर घर रंगवून घेतलेलं. नवे पडदे, स्वतः कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. दिग्दर्शकाचा चेहराच पडला.

"आई, जरा चुलीजवळ बसाल का?"

"चूल? अहो, गॅस आहे आमच्याकडे."

शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "माझा स्टोव्ह आहे माळ्यावर, गंजलेला. चालेल का बघा!"

तो हसला नाही. ताईला म्हणाला, "मॅडम, लोक रडले तरच मतं पडतात. आज फिल्म झाली नाही, तर दुसरी मुलगी घ्यावी लागेल."

गरिबीच्या बाजाराविरुद्ध मी आदल्या दिवशी लिहिलेलं चार पानी निवेदन खिशातून काढलं. ताईने नुसत्या हाताने मला थांबवलं.

"रडणार नाही," ती त्याला म्हणाली. "आईसुद्धा नाही. बारा वर्षं मी काय केलं ते दाखवते. कॅमेरा त्या टोकाला लावा."

वॉल्ट्झमध्ये बाईला बराच वेळ मागे चालावं लागतं, न बघता. ताईने टाचांचे बूट चढवले, नसलेल्या जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि आमच्या अठरा खोल्यांच्या गॅलरीतून उलटी निघाली. वाटेत पाण्याची पिंपं, सायकल, दोरीवरचे ओले कपडे, मेथी निवडत बसलेल्या काकू. प्रत्येक पिंपाच्या एक पाऊल आधी ती वळायची, उंच व्हायची, पुन्हा अलगद खाली यायची. काकूंनी पाय आखडलेसुद्धा नाहीत. ती रोज सकाळी हे करायची, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. तोंडात ब्रश धरून मी वर्षानुवर्षं तिला वाट दिलेली. बघितलं मात्र त्या दिवशी. एवढी शिस्त मी कुठल्याही मोर्चात पाहिली नव्हती. शेवटच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर तिची पाठ थांबली.

दिग्दर्शकाने फोन लावला. "फिल्म मिळाली. नाही, कोणी रडत नाही." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

फोन ठेवून तो म्हणाला, "मॅडम, उद्या नऊला रिहर्सल."

ताईने मान हलवली आणि उंबऱ्यावर बसली. बुटाचा पट्टा तिला काही केल्या सुटेना. मी खाली बसलो आणि तो सोडवला.