एक्केचाळिसावं पान

आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी एक ग्रंथ मोठ्याने वाचतात. तिथला नियम एकच: ज्याला समजलं नाही त्याने हात वर करायचा आणि वाचणाऱ्याने थांबून तेवढंच पुन्हा वाचायचं. बाबा वर्षानुवर्षं तिथे वाचायचे. बालाघाटच्या कोर्टात चपराशी होते. साहेबांसमोर तोंड उघडायचे नाहीत, पण विहारात त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा.

रिटायर झाल्यावर त्यांनी नागपूरहून एका ग्रीक तत्त्वज्ञाचं पुस्तक आणलं, हिंदी भाषांतर. मूळ माणूस परवडला, पण भाषांतरकाराने वाक्यावाक्यात जडजंबाल शब्द कोंबलेले. बाबांना फिकीर नव्हती. घरात मी होते ना, तत्त्वज्ञानात एम.ए., कॉलेजात शिकवणारी! ते रोज एक पान वाचत, अडलं तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढत आणि मी चहाला बसले की समोर हात वर करून बसत. अगदी विहारातल्यासारखा.

चाळीस पानं मी कशीबशी निभावली. खरं सांगायचं तर मी एम.ए. गाइडवर केलं आणि शिकवतेही गाइडवरूनच. मूळ पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. एक्केचाळिसाव्या पानावर गाडी अडली.

"माय, हा असं काहून म्हणते? मले तं मागच्या पानाच्या उलटं वाटून राह्यलं."

मी पान दोनदा वाचलं. मलाही उलटंच वाटत होतं. ते कबूल करायची लाज वाटली आणि त्या लाजेचा राग झाला.

"बाबा, तुमाले नाही समजनार हे. राहू द्या ना!"

"हौ," म्हणाले आणि हात खाली घेतला. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या वेळी ते पेपर वाचायला लागले. मला सुटल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. कपाट आवरताना पुस्तक सापडलं. पहिल्या चाळीस पानांवर प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. एक्केचाळिसाव्यावर एक, ठळक. पुढे एकही नाही. पण शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक कोपरा बोटाने मळलेला होता. उरलेलं सगळं पुस्तक त्यांनी कुणालाही न विचारता वाचलं होतं.

यंदा वर्षावासात विहारातल्या एका आजीने मला गाठलं. "तुहा बाप सांगे, पोरगी मले एकेक पान समजावून देते. आता आमाले बी सांग."

मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक घेऊन गेले आणि तेच पान वाचलं. आजीने हात वर केला.

"मले बी नाही समजलं, आजी," मी म्हणाले.

"मंग पुन्हा वाच," आजी म्हणाली.

बाबांनाही एवढंच हवं होतं. मी पान पुन्हा वाचायला घेतलं.