करवतीचा पंचम

तंजावुरात इंटरनेट नवं होतं तेव्हा मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते. संध्याकाळी सुटले की जुन्या बसस्टँडजवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन बसायचे. तिथे मला एक मेलिंग लिस्ट सापडली होती. ठिकठिकाणची पाच-पन्नास माणसं आपल्याला मिळालेली चमत्कारिक गाणी, चित्रं, व्हिडिओ एकमेकांना पाठवायची. कुणी बाटल्या फुंकून वाजवलेली धून, कुणी वाळक्या पानावर सुईदोऱ्याने भरलेलं गाव. पोस्टाच्या तिकिटाएवढा व्हिडिओ उतरायला अर्धा तास लागे. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर कुणी नोकरीचा अर्ज लिहीत असेल, तर मी त्यातल्या चुका दुरुस्त करून देई.

हे सगळं कुणाला तरी ऐकवावं असं फार वाटायचं. नवऱ्याला सिनेमाची गाणी पुरत. राहिली आत्या. वडिलांची ही धाकटी बहीण तिरुवैयारूला एकटी राहायची आणि आयुष्यभर व्हायोलिन शिकवत आली होती. मी कॉम्प्युटरला वायर जोडून आवाज टेपरेकॉर्डरवर घ्यायचे आणि रविवारी ती कॅसेट घेऊन बसने तिच्याकडे जायचे. आत्या अर्धी तमिळ मिसळलेल्या आमच्या तंजावुरी मराठीत बोलायची. इथे मी तिचं बोलणं इतरांना कळेल इतपत बदलून लिहिते आहे.

बाटल्यांची धून तिने तांदूळ निवडत ऐकली. "बाटल्या बऱ्या आहेत. वाजवणारा बरा नाही," म्हणाली.

तिसऱ्या की चौथ्या कॅसेटवर करवत होती. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला एक दातांचा डॉक्टर सुतारकामाची करवत गुडघ्यात धरून, वाकवून, तिच्या पाठीवर व्हायोलिनचा गज फिरवायचा. बाई दुरून गातेय असा तो आवाज. आत्याने निवडायचं ताट बाजूला ठेवलं आणि पुन्हा लावायला सांगितलं.

"रंबम् आहे हे?" करवतीला आम्ही घरात तमिळ शब्दच वापरतो.

"हो."

"गमक आपोआप येतंय गे त्यातून. पण ह्याला घाई फार. स्वरावर पोचायच्या आधीच निघतो. त्याला म्हणावं, एका षड्जावर महिनाभर बस."

मी गंमत म्हणून ते इंग्रजीत लिहून लिस्टवर टाकलं. दोन दिवसांनी डॉक्टरचं मलाच पत्र आलं. बाईंचं म्हणणं खरं आहे, लहानपणापासून सगळे मला हेच सांगतात; पण षड्जावर बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

अशी ती शिकवणी सुरू झाली. आत्या सांगायची, मी लिहायचे, तो वाजवून पाठवायचा, मी कॅसेटवर उतरवून तिरुवैयारूला न्यायचे. एक धडा जाऊन परत यायला पंधरा दिवस लागत. षड्ज झाला, रिषभ झाला, गांधाराला तिने "शरि", म्हणजे ठीक, म्हटलं; तिच्याकडून एवढी दाद पुष्कळ होती. पंचमावर मात्र गाडी अडली.

"पा खाली आहे."

त्याने कळवलं, तिथे पातं फार ताठ होतं, हवं तेवढं वाकत नाही.

"हत्याराला नावं ठेवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत. लिही हे."

"आत्या, दुखावेल तो."

"लिही."

मी लिहिलं. आठवडा गेला, तीन आठवडे गेले, उत्तर नाही. मी रोज मेल उघडून बघायचे आणि आत्या दर रविवारी मी चप्पल काढायच्या आत विचारायची, "आलं का काही?" पाचव्या रविवारी तिने ते विचारलं नाही. म्हणाली, "छत्री घे. दुकानात जायचं आहे."

लोखंडी सामानाच्या दुकानात तिने सगळ्या करवती काढायला लावल्या. एकेक कानाशी धरायची, बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि परत द्यायची. दुकानदाराने विचारलं, "अम्मा, लाकूड कसलं कापायचं आहे?"

"कापायचं नाही. वाजवायची आहे."

त्याने आतून स्टूल आणून दिलं, आणि शेवटी स्वतःच एक जुनी, गंज पुसलेली करवत पुढे केली. "ही जास्त घुमते," म्हणाला. तिने तीच घेतली.

घरी आल्यावर, दात लागू नयेत म्हणून तिच्या गुडघ्यांवर जुना टॉवेल, त्यावर करवत, डाव्या हाताने टोक वाकवलेलं, उजव्या हातात गज. पहिला आवाज असा निघाला की शेजारीण चुलीवरचं सोडून धावत आली. मी हसू दाबत मागच्या दारी गेले. शिष्यांना तिने आठवडाभर सुट्टी दिली.

पुढच्या रविवारी सा, रि, ग मला नीट ऐकू आले. पंचम खाली होता. तिने करवत भिंतीला टेकवली.

"त्याचं बरोबर होतं. हे पातं तिथे ऐकत नाही. लिही त्याला, माझं चुकलं. मी हातात न घेता बोलले."

तिने कुणाची अशी माफी मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी जसंच्या तसं लिहिलं.

या वेळी दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. तो रागावला नव्हता. सुट्टी घेऊन महिनाभर मासे धरायला गेला होता, तिथे फोनसुद्धा नव्हता. हत्याराला नावं ठेवण्याचं ते वाक्य त्याने जाण्याआधीच छापून दवाखान्यात खुर्चीसमोर लावलं होतं. पेशंट हसतात, म्हणाला. आणि एक युक्ती सांगितली. करवतीच्या टोकाला लाकडाची मूठ बसवली की जोर मिळतो, पातं जास्त वाकतं. त्यालाही ती नुकतीच कळली होती.

गल्लीतल्या सुताराने मूठ करून दिली. दोन महिन्यांनी मी आत्याची करवत टेप केली, सेंटरवाल्याच्या मदतीने कॉम्प्युटरवर चढवली आणि लिस्टवर टाकली. तोवर मी दुसऱ्यांचंच पाठवत आले होते; आपल्या घरचं असं पहिल्यांदाच. बरीच कौतुकाची पत्रं आली. डॉक्टरचं सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत छोटं: "उत्तम. पंचम किंचित खाली आहे."

मी ते भीत भीत वाचून दाखवलं. आत्याने कॅसेट पुन्हा लावली, डोळे मिटून ऐकली, आणि मग इतकी हसली की चष्मा काढून पदराने डोळे पुसावे लागले. "शिकला," म्हणाली.

त्यानंतर कॅसेटची वाट पाहणं तिला जमेना. शनिवारी दुपारी ती स्वतःच बसने तंजावुरला यायला लागली. सेंटरवाला तिच्यासाठी पंख्याखालची खुर्ची ठेवायचा. मी ग्रंथालयातून पोचेपर्यंत तिने हेडफोन लावून काहीतरी शोधलेलं असायचं. एकदा मेंढ्यांना शीळ घालणारा डोंगरातला म्हातारा, एकदा पाण्यात उभ्या राहून हातांनी पाणी थोपटत ताल धरणाऱ्या बायका.

"बस येथे," ती शेजारची खुर्ची ओढून म्हणायची आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवायची. "आधी सगळं ऐक. मध्ये बोलू नकोस."